लहान पडद्याचा स्मार्टफोन

लहान पडद्याचा स्मार्टफोन म्हणजे एका हाताच्या पकडीत सहज मावणारा आणि त्याच हाताच्या अंगठ्याने पडद्याचा बहुतेक भाग गाठता येईल अशा आकाराचा स्मार्टफोन. या वर्गाची सर्वमान्य मर्यादा ठरलेली नाही. २०१० च्या सुमारास ४ इंचांहून मोठा पडदा भव्य समजला जाई. २०२० नंतर ६ इंचांपेक्षा लहान पडदा असलेला जवळजवळ प्रत्येक फोन लहान गणला जाऊ लागला. २००७ नंतरच्या दीड दशकात, विशेषतः अमेरिकेच्या बाजारपेठेत, ग्राहकांच्या दोन मागण्या सातत्याने चर्चेत राहिल्या. फोनचा पडदा लहान मिळावा, ही पहिली. आणि पसंत पडलेला फोन हव्या त्या मोबाइल कंपनीच्या सेवेवर वापरता यावा, ही दुसरी. दुसरी मागणी कायदा, नियमन आणि तंत्रज्ञानातील बदल यांमुळे बऱ्याच अंशी पूर्ण झाली. पहिली मात्र मागे पडत गेली. या दोन मागण्या वरवर स्वतंत्र दिसत असल्या, तरी फोनची विक्रीव्यवस्था, रेडिओची रचना आणि बॅटरीची क्षमता या तीन बाबींमुळे त्या परस्परांशी जोडलेल्या आहेत.

मोजमाप

स्मार्टफोनच्या पडद्याचा आकार त्याच्या कर्णाच्या लांबीने, म्हणजे एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतच्या अंतराने, इंचांत सांगितला जातो. हे मोजमाप सोयीचे असले तरी फोन हातात किती मावेल हे त्यावरून नेमके कळत नाही. पकडीच्या दृष्टीने फोनची रुंदी अधिक महत्त्वाची असते, आणि समान कर्ण असलेल्या दोन पडद्यांची रुंदी त्यांच्या लांबी-रुंदीच्या प्रमाणानुसार बदलते.

१६:९ प्रमाणाच्या ५.५ इंची पडद्याची रुंदी सुमारे ६८.५ मिलिमीटर भरते, तर १९.५:९ प्रमाणाच्या ५.८ इंची पडद्याची रुंदी सुमारे ६१.७ मिलिमीटरच भरते. क्षेत्रफळाच्या दृष्टीनेही दुसरा पडदा किंचित लहान ठरतो: पहिल्याचे क्षेत्रफळ सुमारे १२.९ चौरस इंच, तर दुसऱ्याचे सुमारे १२.८ चौरस इंच. म्हणजे कर्ण वाढूनही पडदा प्रत्यक्षात वाढतोच असे नाही. २०१७ मध्ये उभट पडद्यांचे आणि अरुंद कडांचे फोन रूढ होऊ लागले, तेव्हापासून जुन्या व नव्या फोनची केवळ इंचांवरून केलेली तुलना दिशाभूल करणारी ठरते. ५.५ इंची आयफोन ८ प्लस ७८.१ मिलिमीटर रुंद होता, तर त्याच वर्षीचा ५.८ इंची आयफोन टेन ७०.९ मिलिमीटर रुंद होता.

लांबी-रुंदीचे प्रमाण समान असेल, तर पडद्याचे क्षेत्रफळ कर्णाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ४ इंची पडद्यावरून त्याच प्रमाणाच्या ६ इंची पडद्यावर गेल्यास कर्ण दीडपट होतो, पण क्षेत्रफळ सव्वादोनपट होते.

पार्श्वभूमी: अमेरिकेतील सेवाव्यवस्था

२००७ च्या सुमारास अमेरिकेत एटी अँड टी, व्हेरायझन, स्प्रिंट आणि टी-मोबाइल या चार मोठ्या मोबाइल कंपन्या होत्या. त्यांपैकी एटी अँड टी आणि टी-मोबाइल जीएसएम तंत्रज्ञान वापरत, तर व्हेरायझन आणि स्प्रिंट सीडीएमए तंत्रज्ञान वापरत. जीएसएम फोनमध्ये ग्राहकाची ओळख सिमकार्डात साठवलेली असते. कार्ड बदलले की सेवा बदलते. अमेरिकेतील सीडीएमए फोनमध्ये मात्र असे कार्ड नसे. फोनची नोंद थेट कंपनीकडे होत असल्याने, कंपनीने मान्य न केलेला फोन तिच्या सेवेवर सुरूच होत नसे.

जीएसएम वापरणाऱ्या दोन कंपन्यांमध्येही पूर्ण सुसंगती नव्हती. एटी अँड टीची ३जी सेवा ८५० आणि १९०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांवर चाले, तर टी-मोबाइलची १७०० आणि २१०० मेगाहर्ट्झच्या जोडीवर. त्यामुळे एटी अँड टीसाठी बनवलेला फोन अनलॉक करून टी-मोबाइलवर नेला, तरी त्याला बहुतेक ठिकाणी २जीच्या मंद वेगावर समाधान मानावे लागे.

विक्रीची पद्धतही ग्राहकाला बांधून ठेवणारी होती. दोन वर्षांचा करार केल्यास मोबाइल कंपनी फोनच्या किमतीचा मोठा हिस्सा स्वतः उचलत असे आणि मासिक शुल्कातून तो वसूल करत असे. परिणामी बहुतेक ग्राहक फोन उत्पादकाकडून न घेता मोबाइल कंपनीच्या दुकानातून घेत. कोणता फोन मांडणीत ठेवायचा, कोणत्या फोनवर सवलत द्यायची आणि कोणाची जाहिरात करायची, हे मोबाइल कंपन्या ठरवत. फोनच्या आकाराविषयीची ग्राहकाची निवड त्यामुळे आधीच गाळणीतून गेलेली असे.

आयफोन आणि अनन्य विक्रीकरार

ॲपलने ९ जानेवारी २००७ रोजी जाहीर केलेला पहिला आयफोन २९ जून २००७ रोजी अमेरिकेत विक्रीस आला. त्याचा पडदा ३.५ इंची होता आणि तो केवळ एटी अँड टीच्या सेवेवर उपलब्ध होता. ही अनन्यता साडेतीन वर्षांहून अधिक काळ टिकली. १० फेब्रुवारी २०११ रोजी आयफोन ४ चे सीडीएमए रूप व्हेरायझनकडे विक्रीस आले. त्या जाळ्याच्या मर्यादेमुळे या रूपात फोनवर बोलत असताना मोबाइल इंटरनेट वापरता येत नसे. ऑक्टोबर २०११ मध्ये आयफोन ४एस स्प्रिंटकडे आला, आणि एप्रिल २०१३ मध्ये टी-मोबाइलने आयफोन ५ ची विक्री सुरू केली. अशा रीतीने चारही मोठ्या कंपन्यांपर्यंत पोहोचण्यास आयफोनला जवळपास सहा वर्षे लागली.

युरोपात अशा करारांना न्यायालयीन आणि नियामक आव्हान मिळाले. जर्मनीत टी-मोबाइलकडे आयफोनचा अनन्य हक्क होता. व्होडाफोनने नोव्हेंबर २००७ मध्ये त्याविरुद्ध न्यायालयाचा तात्पुरता मनाई हुकूम मिळवल्यावर टी-मोबाइलने काही दिवस कराराविना, अनलॉक केलेला आयफोन ९९९ युरोंना विकला. पुढे तो हुकूम रद्द झाला. फ्रान्समध्ये डिसेंबर २००८ मध्ये तेथील स्पर्धा परिषदेने ऑरेंज कंपनीचा अनन्य हक्क स्थगित केला.

अमेरिकेतील अनन्यतेचा एक दूरगामी परिणाम पडद्याच्या आकारावर झाला. आयफोन न मिळालेल्या कंपन्यांना त्याच्याशी स्पर्धा करणारे फोन हवे होते. व्हेरायझनने नोव्हेंबर २००९ मध्ये ३.७ इंची मोटोरोला ड्रॉइड मोठ्या जाहिरातीसह आणला. जून २०१० मध्ये स्प्रिंटने ४.३ इंची एचटीसी इव्हो ४जी, तर जुलै २०१० मध्ये व्हेरायझनने ४.३ इंचीच मोटोरोला ड्रॉइड एक्स विक्रीस आणला. आयफोनचा पडदा ३.५ इंचांवर स्थिर असताना मोठा पडदा हा दुकानात नजरेत भरणारा वेगळेपणा ठरला. याच काळात, जुलै २०१० मधील एका पत्रकार परिषदेत, ॲपलचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स यांनी हातात न मावणारे मोठे फोन कोणी विकत घेणार नाही, अशा आशयाचे मत व्यक्त केले होते.

पाम: लहान फोन आणि एकच कंपनी

लहान फोनचे भवितव्य सेवा कंपनीच्या निवडीशी कसे बांधले गेले होते, याचे ठळक उदाहरण म्हणजे पाम ही कंपनी. तिचा पाम प्री हा ३.१ इंची पडद्याचा, सरकता कळफलक असलेला आणि वेबओएस प्रणालीवर चालणारा फोन ६ जून २००९ रोजी केवळ स्प्रिंटकडे विक्रीस आला. एकाच वेळी अनेक ॲप उघडी ठेवून ती पत्त्यांप्रमाणे सरकवण्याची त्यातील पद्धत नावाजली गेली. मात्र ज्यांचे करार अन्य कंपन्यांशी होते, त्यांना हा फोन वापरण्यासाठी सेवा कंपनीच बदलावी लागणार होती. जानेवारी २०१० मध्ये पाम प्री प्लस व्हेरायझनकडे पोहोचला, तोवर तेथील दुकानांत ड्रॉइडचा जम बसला होता.

२८ एप्रिल २०१० रोजी ह्युलेट-पॅकार्ड कंपनीने सुमारे १.२ अब्ज डॉलरना पाम विकत घेण्याची घोषणा केली. मे २०११ मध्ये आलेला तिचा एचपी वीर हा फोन केवळ २.६ इंची पडद्याचा होता. तोही अमेरिकेत सुरुवातीला फक्त एटी अँड टीकडे मिळत असे. ऑगस्ट २०११ मध्ये ह्युलेट-पॅकार्डने वेबओएसवरील उपकरणे बंद करण्याचा निर्णय जाहीर केला.

पाम हे नाव २०१८ मध्ये एका नव्या कंपनीने पुन्हा वापरले. ३.३ इंची पडद्याचा तिचा फोन सुरुवातीला केवळ व्हेरायझनकडे, आणि तोही मुख्य फोनला जोडून वापरायचा दुसरा फोन म्हणून मिळत असे. त्याची किंमत ३४९.९९ डॉलर होती. ज्याला हा लहान फोन एकमेव फोन म्हणून हवा होता, त्याला तो तसा घेता येत नव्हता. एप्रिल २०१९ मध्ये तो स्वतंत्र आणि अनलॉक केलेल्या रूपात उपलब्ध झाला. त्याची बॅटरी ८०० मिलिअँपिअर-तास इतक्याच क्षमतेची होती.

या उदाहरणांवरून लहान फोन केवळ सेवा कंपन्यांमुळे अयशस्वी झाले, असा निष्कर्ष काढता येत नाही. पामच्या फोनमध्ये ॲपची संख्या मर्यादित होती आणि बॅटरीही लवकर उतरत असे. तथापि फोन देशातील चार कंपन्यांपैकी एकाकडेच मिळत असेल, तर त्याच्या अपुऱ्या खपावरून लहान पडद्याची मागणी मोजणे योग्य ठरत नाही.

पडदे मोठे होण्याचा काळ

सॅमसंगने सप्टेंबर २०११ मध्ये ५.३ इंची पडद्याचा गॅलेक्सी नोट सादर केला. प्रारंभी त्याच्या आकाराची थट्टा झाली, पण त्याला मिळालेल्या प्रतिसादामुळे फोन आणि टॅबलेट यांच्या मधला एक नवा वर्ग रूढ झाला. ॲपलने सप्टेंबर २०१२ मध्ये आयफोन ५ सोबत पडदा ४ इंचांपर्यंत नेला. पडद्याची लांबी वाढवून रुंदी तेवढीच ठेवल्यामुळे फोनची रुंदी ५८.६ मिलिमीटर इतकीच राहिली. सप्टेंबर २०१४ मधील आयफोन ६ आणि आयफोन ६ प्लस यांचे पडदे मात्र अनुक्रमे ४.७ आणि ५.५ इंची होते. त्यांच्यासोबत ॲपलने होम बटणाला दोनदा हलका स्पर्श केल्यास पडद्यावरील मजकूर खाली सरकवणारी सोय दिली. अंगठा वरच्या भागापर्यंत पोहोचत नाही, याची ती अप्रत्यक्ष कबुली होती.

अँड्रॉइडच्या क्षेत्रात मोठा पडदा आणि उत्तम दर्जा हे समीकरण बनले. सॅमसंगच्या २०१२ मधील गॅलेक्सी एस ३ चा पडदा ४.८ इंची होता. त्याच वर्षीच्या ४ इंची गॅलेक्सी एस ३ मिनीमध्ये नाव मोठ्या फोनचे असले, तरी प्रोसेसर आणि पडद्याची स्पष्टता दोन्ही कमी दर्जाची होती. 'मिनी' म्हणजे स्वस्त आणि कमकुवत, ही समजूत अशा फोनमुळे दृढ झाली. तिला अपवाद सोनीच्या एक्सपीरिया झेड१ कॉम्पॅक्ट या फोनचा. जानेवारी २०१४ मध्ये सादर झालेल्या या ४.३ इंची फोनमध्ये मोठ्या झेड१ मधलाच प्रोसेसर होता.

तांत्रिक कारणे

अधिक सेवा कंपन्यांवर चालणारा फोन आणि लहान फोन, या दोन उद्दिष्टांत काही काळ खरोखरच तांत्रिक ताण होता.

वारंवारता पट्टे: फोन ज्या पट्ट्यांवर चालायचा आहे, त्या प्रत्येकासाठी रेडिओ विभागात गाळणी, वर्धक आणि स्विच लागतात. पट्टे वाढले की आतली जागा अधिक व्यापली जाते. आयफोन ५ ची केवळ अमेरिकेसाठीच दोन वेगळी रूपे बनवावी लागली होती. एक जीएसएम कंपन्यांसाठी आणि दुसरे सीडीएमए कंपन्यांसाठी.

अँटेना: लहरीची वारंवारता कमी असेल तितकी तिची तरंगलांबी मोठी असते. ७०० मेगाहर्ट्झच्या लहरीची तरंगलांबी सुमारे ४३ सेंटिमीटर असते आणि तिचा चौथा भाग जवळपास ११ सेंटिमीटर भरतो. १९०० मेगाहर्ट्झच्या बाबतीत हाच चतुर्थांश सुमारे ४ सेंटिमीटर असतो. अमेरिकेत एलटीई सेवेसाठी ७०० मेगाहर्ट्झचे पट्टे मोठ्या प्रमाणावर वापरले गेले. फोनची चौकट स्वतःच अँटेनाच्या कार्यात भाग घेत असल्याने, लांबी कमी झालेल्या फोनमध्ये कमी वारंवारतेवर चांगली कार्यक्षमता साधणे कठीण जाते.

बॅटरी: पडदा हा फोनमधील सर्वाधिक ऊर्जा वापरणाऱ्या भागांपैकी एक आहे आणि लहान पडद्याला कमी ऊर्जा लागते. परंतु प्रोसेसर, रेडिओ आणि कॅमेरा यांची गरज पडद्याबरोबर कमी होत नाही. फोन लहान केला की बॅटरीची जागा घटते, खर्च मात्र त्या प्रमाणात घटत नाही. सुरुवातीच्या ४जी फोनमधील रेडिओ चिप बरीच ऊर्जा वापरत असल्याने मोठ्या बॅटरीसाठी मोठा फोन हे सोपे उत्तर ठरले. ॲपलने दिलेल्या माहितीनुसार आयफोन १२ वर चित्रफीत १७ तास पाहता येत असे, तर आयफोन १२ मिनीवर १५ तास.

वेगवेगळ्या कंपन्यांसाठी वेगवेगळी रूपे बनवण्याचा खर्चही लहान फोनच्या विरोधात गेला. सॅमसंगचा २०१० मधील गॅलेक्सी एस अमेरिकेत एटी अँड टीकडे कॅप्टिव्हेट, टी-मोबाइलकडे व्हायब्रंट, व्हेरायझनकडे फॅसिनेट आणि स्प्रिंटकडे एपिक ४जी या नावांनी विकला गेला. एपिक ४जीला तर सरकता कळफलकही होता. एवढा खटाटोप मोठ्या खपाच्या फोनसाठीच परवडतो. कमी खपाचा लहान फोन साहजिकच एखाद्याच कंपनीपुरता मर्यादित राहतो.

गूगलच्या नेक्सस मालिकेत हा विरोधाभास स्पष्ट दिसतो. ४.९५ इंची नेक्सस ५ व्हेरायझनच्या सेवेवर चालत नसे. त्यानंतरचा नेक्सस ६ अमेरिकेतील चारही मोठ्या कंपन्यांवर चालू शकला, पण त्याचा पडदा जवळपास ६ इंची होता. कंपनी निवडण्याचे स्वातंत्र्य मिळाले, तेव्हा आकार निवडण्याचे स्वातंत्र्य कमी झाले होते.

कायदा आणि अनलॉक करण्याचा हक्क

अमेरिकेच्या संघीय संचार आयोगाने २००७ मध्ये ७०० मेगाहर्ट्झ लिलावातील 'सी' गटाच्या पट्ट्यांसाठी खुल्या वापराची अट घातली. या पट्ट्यांवर ग्राहकाला आपल्या पसंतीचे उपकरण वापरता आले पाहिजे, असा तिचा आशय होता. २००८ च्या लिलावात यांपैकी बहुतेक पट्टे व्हेरायझनने मिळवले. पुढे तिचे एलटीई फोन इतर कंपन्यांच्या तुलनेत अधिक खुले राहिले, त्यामागे ही अट होती.

कंपनीच्या परवानगीविना फोन अनलॉक करणे २००६ पासून प्रताधिकार कायद्यातील सवलतीत बसत होते. २६ जानेवारी २०१३ पासून नव्या फोनांसाठी ही सवलत संपली. त्याविरुद्ध व्हाइट हाउसकडे केलेल्या याचिकेवर १,१४,००० हून अधिक स्वाक्षऱ्या झाल्या. १ ऑगस्ट २०१४ रोजी राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी फोन अनलॉक करण्यास पुन्हा मुभा देणाऱ्या कायद्यावर स्वाक्षरी केली. दरम्यान मार्च २०१३ मध्ये टी-मोबाइलने फोनची किंमत आणि सेवेचे शुल्क वेगळे करणारी योजना आणली, आणि पुढील काही वर्षांत इतर मोठ्या कंपन्यांनीही दोन वर्षांच्या सवलतीच्या करारांपासून फारकत घेतली.

लहान फोनचे पुनरागमन

ॲपलने २१ मार्च २०१६ रोजी ४ इंची आयफोन एसई सादर केला. आदल्या वर्षी ४ इंची पडद्याचे ३ कोटी आयफोन विकले गेल्याचे कंपनीने त्या वेळी सांगितले. आयफोन ५एसचा आकार आणि आयफोन ६एसचा प्रोसेसर, अशी त्याची रचना होती. वजन ११३ ग्रॅम आणि अमेरिकेतील प्रारंभिक किंमत ३९९ डॉलर होती. सप्टेंबर २०१८ मध्ये त्याची विक्री बंद झाली. २०२० आणि २०२२ मधील एसई फोनचे पडदे ४.७ इंची होते.

ऑक्टोबर २०२० मध्ये जाहीर झालेला आयफोन १२ मिनी हा ५.४ इंची पडद्याचा आणि ६४.२ मिलिमीटर रुंदीचा फोन होता. मोठ्या आयफोन १२ मधील प्रोसेसर, कॅमेरे आणि ५जी सुविधा त्यात होत्या; म्हणजे 'मिनी' या शब्दामागची जुनी तडजोड त्यात नव्हती. अमेरिकेत सेवा कंपनीसह घेतल्यास त्याची किंमत ६९९ डॉलर, तर कोणत्याही कंपनीशी न जोडता घेतल्यास ७२९ डॉलर होती. २०२१ मध्ये आयफोन १३ मिनी आला. ॲपल मॉडेलनिहाय विक्रीचे आकडे प्रसिद्ध करत नाही, परंतु बाजार विश्लेषकांच्या अंदाजांत मिनीचा वाटा इतर मॉडेलांहून बराच कमी राहिला. २०२२ मध्ये मिनीच्या जागी ६.७ इंची आयफोन १४ प्लस आला आणि सप्टेंबर २०२३ मध्ये आयफोन १३ मिनीची विक्री थांबली.

मिनीचे अपयश वादाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे, कारण एखाद्याच कंपनीकडे मिळण्याचा अडथळा त्याच्यापुढे नव्हता. तो सर्व मोठ्या सेवा कंपन्यांकडे मिळत होता आणि त्याची जाहिरातही झाली होती. अँड्रॉइडमध्ये पेबल या स्मार्ट घड्याळाचे निर्माते एरिक मिजिकोव्स्की यांनी २०२२ मध्ये ६ इंचांपेक्षा लहान, उच्च दर्जाच्या फोनसाठी स्वाक्षरी मोहीम चालवली. एसुसचा झेनफोन १० हा २०२३ मधील फोन ५.९ इंची होता. २०२४ मधील झेनफोन ११ अल्ट्राचा पडदा ६.७८ इंची झाला.

वादातील मुद्दे

लहान पडद्याचे समर्थक प्रामुख्याने हाताच्या मापाचा मुद्दा मांडतात. सरासरीने स्त्रियांचे हात पुरुषांच्या हातांपेक्षा लहान असल्याने मोठ्या फोनचा त्रास त्यांना अधिक होतो. कॅरोलाइन क्रियाडो पेरेझ यांच्या 'इनव्हिजिबल विमेन' या २०१९ मधील पुस्तकात या प्रश्नाची चर्चा आहे. संधिवात असलेल्या किंवा एकच हात वापरू शकणाऱ्या व्यक्तींसाठी आकार हा आवडीचा नव्हे, वापरता येण्या-न येण्याचा प्रश्न असतो. स्टीव्हन हूबर यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत पडद्याला स्पर्श करत असलेल्या लोकांपैकी ४९ टक्के लोक फोन एकाच हातात धरून वापरत असल्याचे आढळले होते.

विरुद्ध बाजूचे म्हणणे असे, की फोनचे मुख्य काम बोलणे हे राहिलेले नाही. चित्रफिती, नकाशे, खेळ, वाचन आणि आर्थिक व्यवहार यांसाठी मोठा पडदा सोयीचा पडतो. ज्यांच्याकडे संगणक नाही, त्यांच्यासाठी फोन हाच एकमेव पडदा असतो. दृष्टी मंद झालेल्यांना मोठी अक्षरे लागतात आणि लहान पडद्यावर ती मोठी केल्यास एका वेळी मोजकेच शब्द मावतात. म्हणजे सुलभतेचा मुद्दा दोन्ही बाजूंनी मांडता येतो. एकाची सोय ती दुसऱ्याची अडचण ठरते.

तिसरा मुद्दा मागणीच्या मोजणीचा आहे. लहान फोन आवडणारे ग्राहक फोन वारंवार बदलत नाहीत, असे समर्थक सांगतात. दुकानात शेजारी ठेवलेल्या दोन फोनांत मोठा फोन अधिक भारदस्त दिसतो, हेही खरे. मात्र लहान फोनला अनुकूल परिस्थिती मिळूनही मिनीचा खप कमी राहिला. त्यामुळे ही मागणी आग्रही असली, तरी संख्येने मर्यादित असल्याचे उत्पादकांचे मत बनले.

भारतातील स्थिती

भारतात आयफोन ३जी २२ ऑगस्ट २००८ रोजी एअरटेल आणि व्होडाफोन या दोन कंपन्यांमार्फत आला. त्याच्या ८ जीबी रूपाची किंमत ३१,००० रुपये होती. अमेरिकेत हाच फोन दोन वर्षांच्या करारासह १९९ डॉलरना मिळत असे. भारतातील बहुसंख्य ग्राहक प्रीपेड असल्याने करारातून सवलत देण्याची पद्धत येथे रुजली नाही, आणि फोन व सेवा वेगवेगळ्या दुकानांतून घेण्याची सवय कायम राहिली. रिलायन्स आणि टाटा यांच्या सीडीएमए सेवांवरील फोन हा त्याला मोठा अपवाद होता.

एकाहून अधिक कंपन्यांच्या सेवा वापरण्याची गरज भारतीय ग्राहकांनी दोन सिमकार्डांच्या फोनने भागवली. मायक्रोमॅक्ससारख्या कंपन्यांनी २०१२ पासून ५ इंची पडद्याचे, दोन सिमचे फोन तुलनेने स्वस्तात आणले, आणि मोठा पडदा मध्यमवर्गाच्या आवाक्यात आला. २० जानेवारी २०११ पासून देशभर क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोयही उपलब्ध झाली.

सेवा कंपनीशी बांधलेल्या लहान पडद्याचे मोठे भारतीय उदाहरण म्हणजे जुलै २०१७ मध्ये जाहीर झालेला जिओफोन. २.४ इंची पडदा आणि बटणांचा कळफलक असलेला हा ४जी फोन १,५०० रुपयांच्या परत मिळणाऱ्या अनामतीवर दिला गेला. तो केवळ जिओच्या सेवेवर चालत असे. येथे लहान पडदा हाताच्या सोयीसाठी नव्हता; किंमत कमी राखण्यासाठी होता. त्याच वर्षी भारतात जुळणी झालेला पहिला आयफोनही लहान पडद्याचाच होता: बेंगळुरूमध्ये विस्ट्रॉन कंपनीने आयफोन एसईची जुळणी सुरू केली.

मराठीसारख्या देवनागरी लिपीत लिहिल्या जाणाऱ्या भाषांच्या दृष्टीने पडद्याच्या आकाराला आणखी एक बाजू आहे. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार, तर अक्षराखाली उकार व ऋकार येतात. ते स्पष्ट दिसण्यासाठी ओळींमध्ये अधिक अंतर ठेवावे लागते. साहजिकच लहान पडद्यावर रोमन लिपीच्या तुलनेत कमी ओळी मावतात. स्वर, व्यंजने आणि स्वरचिन्हे मिळून देवनागरी कळफलकावर कळाही अधिक लागतात, आणि अरुंद पडद्यावर त्या लहान होतात. दुसरीकडे, मुंबईच्या गर्दीच्या लोकलमध्ये एका हाताने कडी धरून उभ्या असलेल्या प्रवाशाला मोठा फोन दुसऱ्या हाताने पेलणे अवघड जाते.

सद्यस्थिती

सेवा कंपन्यांमधील जुने तांत्रिक अडसर बऱ्याच अंशी दूर झाले आहेत. स्प्रिंट एप्रिल २०२० मध्ये टी-मोबाइलमध्ये विलीन झाली, आणि व्हेरायझनने २०२२ च्या अखेरीस सीडीएमए सेवा बंद केली. एकच फोन बहुतेक कंपन्यांचे पट्टे हाताळू शकतो, आणि ई-सिममुळे कार्ड न बदलताही सेवा बदलता येते. हप्त्यांवर घेतलेले फोन ठरावीक मुदतीपर्यंत लॉक ठेवण्याची प्रथा मात्र अमेरिकेत पूर्णपणे संपलेली नाही.

लहान पडद्याच्या बाबतीत चित्र उलट आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयफोन एसईची जागा ६.१ इंची आयफोन १६ई ने घेतली. युनिहर्ट्झसारख्या काही लहान कंपन्या छोट्या पडद्याचे अँड्रॉइड फोन बनवतात. मोठ्या उत्पादकांनी दुमडणाऱ्या फोनचा पर्याय पुढे केला आहे. फेब्रुवारी २०२० मधील सॅमसंग गॅलेक्सी झेड फ्लिप दुमडल्यावर खिशात सहज मावत असे, पण उघडल्यावर त्याचा पडदा ६.७ इंची होता. असा फोन खिशाचा प्रश्न सोडवतो. एका हाताने वापरण्याचा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही.